चौथा गिअर आणि कायद्यातला घोडा

खंबाटकी घाट उतरून सुरूरच्या पुढे आलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बाबांना गुडघ्याच्या तपासणीसाठी पुण्याला आणलं होतं, आता साताऱ्याला सोडायला निघाले होते. गाडी त्यांची, चालवत मी होते. रस्ता मोकळा मिळाला म्हणून वेग वाढवला. ऐंशीच्या आसपास गाडीने चौथा गिअर घ्यायला हवा होता, पण इंजिन नुसतंच ओरडलं. फेऱ्यांचा काटा वर गेला, वेग होता तेवढाच राहिला. मग एक धक्का बसला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आणि तिथून घरापर्यंत गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकून राहिली.

“तिथे पाय उचलायचा असतो,” बाबा म्हणाले.

“कुठे?”

“चौथा पडताना. ऐंशीला आलीस की ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचल, गिअर पडू दे, मग परत दाब. काही होत नाही मग.”

“तुम्हाला हे कधीपासून माहितीये?”

“दिवाळीपासून,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

गाडी २०१२ची. बाबांनी ती २०१७ साली सेकंडहँड घेतली, डावा गुडघा क्लच दाबू देईना म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक. चार गिअरचा जुन्या पद्धतीचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स. बाबा शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. डोळ्यांचंही सुरू झाल्यामुळे गाडी विकायची हे घरात ठरलेलं होतं. एक गिऱ्हाईक फोनवर तयारही होतं, किंमत दोन लाख साठ हजार ठरल्यात जमा होती, पुढच्या ते पुढच्या रविवारी ते गाडी बघायला येणार होते.

त्या रात्री बाबा झोपल्यावर मी खाली जाऊन स्टिअरिंगखालच्या पोर्टला डोंगल लावला. हा डोंगल हजारेक रुपयांत मिळतो, ब्लूटूथने फोनला जोडला जातो आणि गाडीच्या संगणकाने नोंदवलेले कोड दाखवतो. माझ्या ॲपवर एकच कोड होता, पी०७००. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकाने इंजिनच्या संगणकाला कळवलंय, दिवा लाव, माझ्याकडे काहीतरी नोंदलं गेलंय. काय नोंदलं गेलंय ते हा कोड सांगत नाही, तो नुसता निरोप्या. कोडच्या खाली बटण होतं, ‘क्लिअर’. मी ते दाबलं. दिवा विझला.

हे मी का केलं याचा नंतर बराच विचार केला. कुणाला फसवायचं माझ्या मनात नव्हतं, विक्रीचा तर विचारही त्या क्षणी नव्हता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑन-कॉल असताना रात्री दोनला अलर्ट येतो, आपण अर्धवट झोपेत लॅपटॉप उघडतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, लाल ठिपका हिरवा होतो, आणि तिकिटावर ‘पुन्हा आढळलं नाही, लक्ष ठेवून आहोत’ असं लिहून परत झोपतो. लक्ष कुणीही ठेवत नसतं. माझा अंगठा त्या सवयीने गेला. लाल दिसलं की ते घालवायचं.

पण क्लिअर दाबल्यावर फक्त दिवा जात नाही. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, तापमान किती, भार किती, हे सगळं संगणक एका चौकटीत गोठवून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेमच म्हणतात. क्लिअर केल्यावर तीही जाते. म्हणजे बाबांच्या गाडीने सुरूरच्या पुढे जे पाहिलं होतं, ते सगळं मी एका अंगठ्यात पुसलं. ही सोय किती मोहाची आहे हे कायदे करणाऱ्यांनाही माहीत आहे. कॅलिफोर्नियात २०१०च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने ‘परमनंट कोड’ सक्तीचे झाले. प्रदूषणाशी संबंधित दोषांचे हे कोड कुठल्याही स्कॅनरने पुसता येत नाहीत. गाडीने स्वतः चाचणी घेऊन दोष खरंच गेला अशी खात्री केली तरच ते जातात. आमच्या गाडीत तसलं काही नव्हतं.

आता थोडं गिअरबॉक्सबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता त्याच्या आत आहे.

मॅन्युअल गाडीत आपण दांडा सरकवून एक गिअर सोडतो, दुसरा पकडतो. ऑटोमॅटिकमध्ये दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. मध्ये एक चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, बाहेरून एक कडं. सूर्य, ग्रह आणि कडं, म्हणून त्याला प्लॅनेटरी गिअर म्हणतात. यातला कुठला भाग धरून ठेवायचा आणि कुठला फिरू द्यायचा यावर गिअर ठरतो. धरायचं काम क्लच प्लेट आणि ब्रेक करतात, त्यांना दाबायचं काम ऑइल करतं. १९३९ साली जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक बाजारात आणला तेव्हा हे सगळं ऑइलच्या दाबावर आणि झडपांवर चालायचं, आत वीज नव्हती. नंतर संगणक आला. कुठल्या वाटेने ऑइल सोडायचं हे तो सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपांना, सांगतो.

आमच्या गिअरबॉक्समध्ये गिअर निवडायला असे दोन सोलेनॉइड आहेत, अ आणि ब म्हणू. पहिल्या गिअरला दोन्ही चालू. दुसऱ्याला अ बंद, ब चालू. तिसऱ्याला दोन्ही बंद. चौथ्याला अ चालू, ब बंद. इंजिनिअरिंग केलेल्यांनी हे ११, ०१, ००, १० असं लिहून बघा. दर वेळी एकच बिट बदलतो, म्हणजे हा ग्रे कोड झाला. मला हे कळलं तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटीच हसले. आणि तिसऱ्या गिअरला दोन्ही बंद का, तर वीज गेली, वायर तुटली, संगणकाने हात टेकले, तरी तिसरा गिअर उरावा म्हणून. गाडी पळणार नाही, पण घरी पोचवेल. सुरूरच्या पुढे तेच झालं होतं. संगणकाने स्वतःहून दोन्ही सोलेनॉइड सोडून दिले होते.

पण चौथा गिअर नीट लागला नाही हे त्याला कळलं कसं? त्याला आतलं काही दिसत नाही. त्याच्याकडे दोन फेरे मोजणारे सेन्सर आहेत, एक गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टवर, एक बाहेर जाणाऱ्या. तो भागाकार करतो. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर एक आहे, म्हणजे दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. चौथ्याचं साधारण ०.७. भागाकार भलताच आला की तो कोड नोंदवतो. बस, एवढंच. क्लच झिजला असं तो म्हणत नाही, सोलेनॉइड बिघडला असंही म्हणत नाही. मी हे पाहिलं, आणि ते असायला हवं तसं नव्हतं, एवढीच साक्ष तो देतो. कोड म्हणजे निकाल असं समजून सोलेनॉइड बदलत सुटणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची बिलंही बरीच आहेत.

पुढच्या शनिवारी आम्ही साताऱ्यातल्या एका उस्तादांकडे गेलो. ते फक्त ऑटोमॅटिकचंच काम करतात. मी क्लिअर केलंय हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. “मग आता परत आजारी पाडावी लागेल,” म्हणाले. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढून वास घेतला. लाल राहिलं नव्हतं, तपकिरी झालं होतं, थोडा करपट वास होता. “वासावरून फाशी देता येत नाही, ताई.” मग स्कॅनर मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले, बाबा मागे. यवतेश्वरचा घाट दोनदा चढलो, उतरलो, ऑइल चांगलं तापवलं. मग हायवेला लागलो. आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत ओव्हरड्राइव्ह बंद ठेवायला, म्हणजे चौथ्यात जाऊ न द्यायला, त्यांनी सांगितलं.

पुढची दहा मिनिटं मला अजून लख्ख आठवतात. टोलनाक्यावर थांबलो आणि निघालो. पहिला गिअर बिनतक्रार. दुसरा, तिसरा, दोन्ही ठीक. तिसऱ्यात दोन्ही सेन्सरचे आकडे बरोबरीने वर चढत होते. “आता ओव्हरड्राइव्ह चालू करा, आणि पाय उचलू नका.” ऐंशीच्या जरा आत बाहेरचा शाफ्ट २८०० फेऱ्यांवर होता. चौथा लागला असता तर आतल्या शाफ्टला १९६० दिसायला हवे होते. दिसत होते २३५०. गुणोत्तर ०.८४. ०.७ नाही आणि १ पण नाही. जगात नसलेला गिअर. थोड्या वेळाने धक्का बसला आणि दिवा लागला. या वेळी स्कॅनरने गिअरबॉक्सच्या संगणकाकडूनच उत्तर घेतलं. पी०७३४, चौथ्या गिअरचं गुणोत्तर चुकीचं.

परत येताना उस्ताद एकेकाला सोडत गेले. सेन्सर खोटं बोलतोय का? मग तिसऱ्यातही बोलला असता, तिथे दोघांचे आकडे जुळत होते. सोलेनॉइड अ मेलाय का? तो पहिल्या गिअरलाही लागतो, आणि तापलेल्या अवस्थेत नाक्यावरून आपण पहिल्यातच निघालो. शिवाय त्याची कॉइल तुटली असती तर विजेचा वेगळा कोड आला असता. ब तर चौथ्यात बंदच हवा. चौथ्यात दोन ठिकाणी पकड लागते. एक ब्रेक, जो दुसऱ्या गिअरलाही लागतो. एक क्लच, जो तिसऱ्यालाही लागतो. दुसरा ठीक, तिसरा ठीक. म्हणजे दोन्ही आरोपी गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे होते असं सिद्ध करणारे साक्षीदार हजर.

“मग?” मी विचारलं.

“मग दाब,” उस्ताद म्हणाले. हायवेला एकसारखं चालताना संगणक ऑइलचा दाब कमी ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्यात जास्त दाबाखाली धरून राहणारी प्लेट झिजलेली असेल तर ती इथे, कमी दाबात, पातळ झालेल्या गरम ऑइलमध्ये सुटू शकते. किंवा प्लेट चांगली आहे पण सील कडक होऊन दाब गळतोय. किंवा झडपेत कचरा अडकून ती पूर्ण सरकत नाही. तिसरं असेल तर ऑइल बदलून, झडपांचा ब्लॉक धुऊन आठ-दहा हजारांत काम. पहिलं असेल तर गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलायचा, पाऊण लाख धरा.

“कळणार कसं?”

“दाबाचा गेज लावायचा आणि खालचं पॅन उघडायचं. पॅनमध्ये चुंबक असतं. त्याला करडा चिखल थोडा असतोच, सगळ्या गाड्यांना असतो. पण काळा लगदा आणि प्लेटच्या अस्तराचे तुकडे दिसले तर विषय संपला.” मग जरा थांबून म्हणाले, “विकायची म्हणताय ना? मग बघा तुम्ही. उघडलं की माहीत झालं.”

बाबा मागून म्हणाले, “राहू दे मग. विकायचीच आहे, कशाला उगाच खर्च.”

मला आत कुठेतरी हायसं वाटलं. हा लेख त्या हायसं वाटण्याबद्दल आहे.

घरी येऊन मी स्वतःला जे सांगितलं ते असं. दोष काय आहे हे आपल्याला माहीत नाही. कदाचित नुसतं ऑइल असेल. माहीत नसलेली गोष्ट गिऱ्हाइकाला सांगणं म्हणजे उगाच घाबरवणं. खोटं आपण बोलणार नाही. त्याने विचारलं, ‘गिअरबॉक्स खराब आहे का?’ तर ‘तसं काही सिद्ध झालेलं नाही’ हे शंभर टक्के खरं उत्तर आहे. इंजिनिअरला अनिश्चिततेबद्दल आदर शिकवलेला असतो. पुरावा नसताना कारण जाहीर करू नये, हे मी माझ्या ज्युनिअर्सना सांगते. तोच गुण मी इथे पांघरुणासारखा वापरत होते.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड हे नाव मला गणितामुळे माहीत होतं, भूमितीतल्या क्लिफर्ड बीजगणितामुळे. वयाच्या ३३व्या वर्षी गेलेला हा इंग्रज गणिती १८७७ साली ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहून गेला आहे. त्यातली गोष्ट एका जहाजमालकाची. जहाज जुनं झालंय, अनेकदा दुरुस्त झालंय, समुद्रात सोडण्याआधी पूर्ण तपासून घ्यावं अशी शंका त्याच्या मनात आहे. पण तपासणीला पैसे लागतील. म्हणून तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या सफरी केल्या, हीही करेल. देव स्थलांतरितांच्या कुटुंबांना सांभाळेल. हळूहळू जहाज सुरक्षित आहे असं त्याला मनापासून वाटायला लागतं. जहाज बुडतं, माणसं मरतात, त्याला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्डचं म्हणणं, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण हातात असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज बुडालं नसतं, सुखरूप पोचलं असतं, तरी तो तेवढाच दोषी. फक्त ते कधी उघडकीला आलं नसतं.

यातला ‘मनापासून’ हा शब्द मला टोचला. मी त्या मालकापेक्षा एक पायरी मागे होते. मी चांगल्याची खात्री करून घेतली नव्हती, मी नुसती शंका शिल्लक ठेवली होती, कारण शंका सोयीची होती. निदान करताना आपण कुठे थांबतो ही निवड असते. ताप असेल, खोकला असेल आणि एक्स-रे काढायचा नाही असं ठरवलं, तर ‘मला न्यूमोनिया आहे असं सिद्ध झालेलं नाही’ हे वाक्य खरं राहतं आणि तरी त्यात काहीतरी कुजलेलं असतं. पॅनचे दहा-बारा बोल्ट काढण्याएवढ्या अंतरावर सत्य होतं, आणि मी त्या अंतराला ‘अनिश्चितता’ असं भारदस्त नाव दिलं होतं.

कायदा काय म्हणतो तेही मी शोधलं. पळवाट मिळेल म्हणूनच शोधलं, कबूल करते. मिळालीसुद्धा. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. त्यात एक घोडा आहे. अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोडा धडधाकट नाही हे अ ला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या घोड्यावर बसून मी निवांत निघणार होते, एवढ्यात पुढचं उदाहरण आलं. आता ब ही अ ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. मग नात्यामुळेच घोड्याचा दोष सांगणं हे अ चं कर्तव्य होतं. त्याच्या पुढचं उदाहरण असं की ब म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन. अ गप्प राहतो. इथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

मी बाबांना ते उदाहरण वाचून दाखवलं. “मी ही गाडी घेतली असती तर सांगितलं असतंत ना?”

“तू मुलगी आहेस.”

“कायदासुद्धा तेच म्हणतोय.”

“मग झालं तर,” बाबा म्हणाले. गणिताच्या मास्तरांशी वाद घालणं अवघड असतं.

त्यांची बाजू कमकुवत नव्हती, ती नीट मांडायला हवी. जुनी गाडी घेणाऱ्याला ती जुनी आहे हे माहीत असतं, किंमत त्या जोखमीसकटच ठरते. त्याने आपला मेकॅनिक आणावा, कायद्यातही विकत घेणाऱ्याने साधारण काळजी घ्यावी अशी अपेक्षा आहे. आणि २०१७ साली ज्यांनी आम्हाला ही गाडी विकली त्यांनी तरी कुठे सगळं सांगितलं होतं? दोन महिन्यांत एसीचा कॉम्प्रेसर गेला होता. बाबा तेव्हा कुणाकडे रडत गेले नाहीत. हा बाजार असाच चालतो, सगळ्यांना नियम माहीत आहेत, मग एकट्यानेच साठ-सत्तर हजारांचं सोवळं का पाळायचं? निवृत्त माणसाला ती रक्कम लहान नाही.

याला माझ्याकडे मोठं तात्त्विक उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण त्या कलमात आणखी एक शब्दप्रयोग आहे. माहीत असलेली गोष्ट ‘सक्रियपणे लपवणं’ ही फसवणूक आहे. लिलावातला अ नुसता गप्प होता. त्याने घोड्याच्या सुजलेल्या पायावर लेप लावून सूज उतरवली नव्हती. आणि मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. दिवा दुसऱ्यांदा लागला तो उस्तादांनी पुसला नव्हता, तो अजून लागलेला होता. रविवारी सकाळी तो लागलेला असणार की नाही, हे ठरवणारा डोंगल माझ्या बॅगेत होता. दिवा घालवून गप्प बसणं आणि दिवा तसाच ठेवून गप्प बसणं, यात फरक आहे हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं.

आणि लपवायला डोंगलच लागतो असं नाही. या गिअरबॉक्सच्या संगणकाला एक सवय आहे. प्लेट झिजून गिअर पडायला वेळ लागायला लागला की तो दाब थोडा वाढवतो, म्हणजे चालवणाऱ्याला फरक जाणवत नाही. झीज वाढते, तो आणखी वाढवतो. हे सगळं भल्यासाठीच आहे, पण त्यामुळे दोष वर्षानुवर्षं झाकला जातो आणि कोड येतो तेव्हा त्याच्या हातातलं सगळं संपलेलं असतं. बाबांचा पायही दिवाळीपासून तेच करत होता. ऐंशीला किंचित उचलायचा, चौथा पडू द्यायचा, परत दाबायचा. ते आता हे विचार न करता करतात. रविवारी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून त्यांनी गाडी चालवून दाखवली असती तर दोष दिसला नसता, आणि बाबा शपथेवर सांगू शकले असते की मी नेहमी चालवतो तशीच चालवली. ट्रायलची वेळ सकाळी आठची ठरली होती, ऊन नको म्हणून. थंड ऑइल, साताऱ्यातल्या साताऱ्यात दहा मिनिटं. यात कुणी काहीही लपवलेलं नव्हतं.

मी डोंगल काढला नाही. बाबांना एवढंच म्हटलं, दिवा आहे तसा राहू दे, आणि त्यांनी विचारलं तर मी बोलेन. “आणि नाही विचारलं तर?” “दिवा बघून विचारणारच.” ते ‘ठीक आहे’ म्हणाले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत.

रविवारी नवरा-बायको दोघंही आले. तो एमआयडीसीत नोकरीला, ती कऱ्हाडला कॉलेजात शिकवते. गाडी तिच्यासाठी होती. रोज सातारा-कऱ्हाड, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, सगळा हायवे. म्हणजे तापलेलं ऑइल आणि चौथा गिअर, दिवसातून दोनदा, मागे ट्रक असताना. हे आम्हाला फोनवर कळलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

दिवा बघून तिनेच विचारलं, “सर, हे काय?” बाबा काही बोलायच्या आत मी फोनवरचा स्कॅनरचा फोटो काढला. जे माहीत होतं ते सांगितलं. गाडी तापल्यावर, ऐंशीच्या आसपास, चौथ्यात घसरते. हे आकडे. पाय उचलला तर पकडते. घसरलं की तिसऱ्यात अडकते, बंद करून चालू केली की परत ठीक. कारण तीनपैकी एक, खर्च आठ हजार ते पाऊण लाख, नक्की माहीत नाही. आणि आधी एकदा हा कोड मी पुसलाय. हे शेवटचं वाक्य सगळ्यात जड गेलं, आणि ते सांगायची खरं तर गरजही नव्हती.

त्या सगळं ऐकत होत्या. मध्ये बाबा म्हणाले, “दिवाळीपासून आहे हे. मीच काळजीने चालवत होतो.” मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“म्हणजे नक्की कळायला काय करावं लागेल?” त्यांनी विचारलं.

“पॅन उघडावं लागेल.”

“मग उघडलं नाहीत?”

किती साधा प्रश्न. मी आठवडाभर क्लिफर्ड वाचला, करार कायदा वाचला, आणि हा प्रश्न कुणी तोंडावर विचारेल हे डोक्यात आलं नव्हतं. खर्च वाचवायचा होता, असं काहीतरी मी म्हणाले. पॅन उघडायला दीड हजार लागणार होते, नवीन ऑइल धरून फार तर सहा. त्यांनी मान डोलावली, त्या काही म्हणाल्या नाहीत. पूर्ण प्रामाणिकपणे बोलून झाल्यावर मी त्यांच्यासमोर पकडली गेले होते, आणि जे पकडलं गेलं होतं त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं.

बुधवारी मी सुट्टी काढली. उस्तादांच्या पिटवर गाडी चढवली, ते दोघंही आले, बाबाही आले. उस्तादांनी एक बोल्ट शेवटपर्यंत ठेवून पॅन एका बाजूने हळूच खाली आणलं, तपकिरी ऑइल ट्रेमध्ये गेलं. चुंबक काळ्या लगद्याने भरलं होतं. तळाला प्लेटच्या अस्तराचे तुकडे होते, नखाएवढे. उस्तादांनी एक बोटावर घेऊन चोळला, बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा काढून तो जवळून बघितला, शाळेत पोराच्या वहीतली चूक बघायचे तसा.

गाडी त्यांनीच घेतली, एक लाख नव्वदला, गिअरबॉक्स उस्तादांकडेच खोलायचा या बोलीवर. बाबा दोन दिवस माझ्याशी कमी बोलले, मग बोलायला लागले. पॅन स्वच्छ निघालं असतं तर ते म्हणाले असते, बघ, उगाच घाबरत होतीस, आणि मीही हो म्हणाले असते.